एकच गोष्ट बदलायची

३ मार्च
छापखान्यात बाइंडिंगच्या खोलीत दिवसभर फर्मे जुळवले. एका फर्म्यात सोळा पानं, त्यावर पुढची सोळा. पाठीचा काटा ढिला झाला. कॉलेज सोडून तीन महिने झाले. भर वर्गात सरांची कॉलर धरली ती तिच्यासाठी — आणि तीच बोलत नाही!

५ मार्च
जुळवता जुळवता वाचत बसलो. एक रिटायर पोस्टमास्तर आपली कादंबरी स्वतःच छापून घेतायत, शंभर प्रती. त्यात महायुद्ध पेटतच नाही, कारण एक तार वेळेवर पोचते. एक तार! डबा उघडायचा राहिला. मालक म्हणाले, "असे आणखी आहेत आपल्याकडे. त्या दातांच्या डॉक्टरीणबाई — त्यांच्या पुस्तकात छपाईचा शोधच लागत नाही. म्हणजे आपण दोघं उपाशी!"

६ मार्च
डॉक्टरीणबाईंचंही संपवलं. कुठल्याच दुकानात नसतात ही पुस्तकं. का नसतात?

९ मार्च
माती खाल्ली. पोस्टमास्तरांच्या चाळीस प्रतींना डॉक्टरीणबाईंचा शेवटचा फर्मा लावला. युद्ध टळतं, पान उलटलं की लोक बोरूने पुस्तकं उतरवतायत! मालक ओरडले, "डोकं कॉलेजातच ठेवून आलास का रे?" मीही तोंडाला येईल ते बोललो.
पोस्टमास्तर आले. वाटलं, आता खरडपट्टी. ते प्रत चाळून खो खो हसले. "वाचत होतास ना? मग ठीक." जाताना म्हणाले, "तूही लिहून बघ. पण एकच गोष्ट बदलायची. माणसं होती तशीच ठेवायची. नाहीतर ती नुसती थाप."

१० मार्च
फर्मे उसवतोय. बोटं सोलली.

१२ मार्च
लिहायला घेतलं. बदल एकच — त्या दिवशी मी बाकावरून उठत नाही. सर तिला विचारतात, "हा निबंध कुणाकडून लिहून घेतलास?" वर्ग हसतो. मी गप्प. पुढे?
ती रडते, असं लिहिलं. खोडलं. ती रडणारी नाही. निघून जाते. तेही खोडलं. आई म्हणाली, "परीक्षेला एवढं लिहिलं असतंस तर!"
एवढा जीव लावला आणि ती काय करेल, तेच मला ठाऊक नाही.

१४ मार्च
मावसबहीण तिच्याच वर्गात आहे. म्हणाली, "ती परवा दुसऱ्या कॉलेजला चाललीय. भेट जाऊन, नाहीतर बस कुढत."
मी का जाऊ? वर्ष माझं बुडालं. यायचं तर तिने यावं!

१५ मार्च
गेलो. दारातच विचारलं — मी उठलो नसतो, तर काय केलं असतंस?
म्हणाली, "मी उठलेच होते रे. निबंधाचे माझ्या खाडाखोडीचे कच्चे कागद हातात होते. तू मला ढकलून पुढे गेलास. मग कुणी पाहिलेच नाहीत ते."