अक्षरबदलच्या फोरमची निवड

३ जानेवारी २००८
नव्या वर्षाचा संकल्प: आपल्या 'अक्षरबदल'ला फोरम. जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये आणणारं हे सॉफ्टवेअर मी आणि सुशीलने बनवलं, फुकट वाटलं, कोडही सगळ्यांना खुला ठेवला. कल्पना माझी, कोड सुशीलचा. कल्पना हेच अवघड काम. छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून रायपुरात जितकी ऑफिसं, तितके फॉन्ट. लोक अडले की फोन करतात. मी उचलत नाही. ओपन सोर्समध्ये लोकांनी लोकांना मदत करायची असते.

आज सरकारी ऑफिसात अधिकारी असलेल्या देवयानीताई भेटल्या. त्यांच्या ऑफिसातले सगळे ऑपरेटर अक्षरबदल वापरतात. म्हणाल्या, अडलं तर विचारायला धड जागा नाही. हेच चाललं तर पंधरा फेब्रुवारीला विकतच्या सॉफ्टवेअरची फाइल मंजुरीला वर जाईल. बाकीची ऑफिसं त्यांच्याकडे पाहून चालतात. त्या गेल्या की अक्षरबदल संपलं. आठवड्यात फोरम उभा करतो म्हणालो.

६ जानेवारी, रविवार
सुशील भनपुरीहून आला. तिथे एका ट्रान्सपोर्टवाल्याचे कॉम्प्युटर सांभाळतो. मराठी सगळं समजतं, बोलतो हिंदीत. म्हणाला, "भैया, मेलिंग लिस्ट बना देते हैं, आज ही हो जाएगा." आजच होणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तीन फोरम टूल काढली. तुलनेचा तक्ता आखला.

११ जानेवारी
तक्ता अपूर्ण. पहिल्या टूलमध्ये सदस्यांना पदव्या देता येत नाहीत. बाद. दुसऱ्यात पदव्या आहेत, पण प्रमुखाचं नाव वेगळ्या रंगात येत नाही. विचाराधीन. संध्याकाळ पदव्या ठरवण्यात गेली: नवागत, जिज्ञासू, मर्मज्ञ, महामर्मज्ञ. शेवटची एकालाच मिळेल. कोणाला, ते ओघाने ठरेल.

बायको, अर्चना, म्हणाली, "पहिले लोकायचं काय अडून राहिलं ते तर विचारा." ती स्वतः ऑफिसात रोज अक्षरबदलवर काम करते, त्यामुळे तिला दूरचं दिसत नाही.

१६ जानेवारी
संक्रांत झाली, बायकांची हळदीकुंकवं सुरू. इकडे तिसरं टूल पक्कं केलं. प्रमुखाचं नाव सोनेरी येतं. अर्चना देवयानीताईंकडे गेली ती बऱ्याच उशिरा आली. पर्समध्ये वाणाची वाटी आणि पेन ड्राइव्ह. हळदीकुंकवाला पेन ड्राइव्ह कशाला, हे विचारायचं राहिलं. डोक्यात सोनेरीची छटा होती.

२२ जानेवारी
फोरम सुरू. आठवडा थोडा लांबला, पण दर्जाला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी घड्याळं विकणाऱ्या परदेशी रोबोटांची झुंबड. उपाय तिथल्या तिथे सुचला: नाव नोंदवताना 'आपल्या राज्याची राजधानी कोणती' याचं उत्तर युनिकोड देवनागरीत टाइप करायचं. रोबोट गायब. स्वतःवर खूश.

२८ जानेवारी
सदस्य: मी. प्रश्न: नाहीत. म्हणजे कोणाला काही अडचण नाही. अक्षरबदल वापरणाऱ्या अभनपूरच्या शालिग्रामजींचा फोन चुकून उचलला गेला. म्हणाले, "भैया, यूनिकोड टाइप करना आता तो हम पूछते ही काहे को?" सूचना चांगली आहे, फोरमवर लिहा, असं सांगितलं.

७ फेब्रुवारी
सुशील म्हणतो, तो प्रश्न काढून टाकू. नाही म्हणालो. अर्चनाही म्हणाली, "काहून अडून बसले? काढून टाका." घरात कोणाला सुरक्षेची कदर नाही.

वर्दळ दिसावी म्हणून 'तुळशीराम' नावाने दाखल झालो. एक प्रश्न विचारला, मग महामर्मज्ञ म्हणून उत्तर दिलं. तुळशीरामने मनापासून आभार मानले. फार बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी, रथसप्तमी, दुपार
माझ्या ऑफिसात साहेबांनी बोलावलं. त्यांच्या फायलीतली सगळी जोडाक्षरं फुटली आहेत, उद्या सकाळी ती वर जायची आहे. "आपका ही सॉफ्टवेयर है न?" हो म्हणालो, अभिमानाने. जागेवर येऊन बराच झगडलो. शेवटी तुळशीराम होऊन फोरमवर विचारलं. महामर्मज्ञाला उत्तर येईना.

सुशीलला फोन. तो म्हणाला, "भाभी से पूछ लो. कहाँ क्या टूटता है, सब उन्हीं लोगों को पता है." कोण लोक, ते त्याने सांगितलं नाही.

संध्याकाळ
आज हळदीकुंकू आमच्याकडे. म्हणून मी बेडरूममध्ये. दाराच्या फटीतून दिसतंय: हॉलमधल्या कॉम्प्युटरभोवती बायका, एकीच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी, दुसरीच्या हातात माउस. सगळ्या निरनिराळ्या ऑफिसांतल्या. देवयानीताई सांगताहेत, महिनाभर घरोघरी असंच बसून आमच्या सगळ्या अडचणी सुटल्या, ती विकतच्या सॉफ्टवेअरची फाइल मी परवाच थांबवली.

अक्षरबदल वाचलं. खरंच डोळे भरून आले. मी म्हणत होतो तेच झालं, लोकांनी लोकांना मदत केली, तीही माझ्या घरात. संस्थापक म्हणून दोन शब्द बोलावेत म्हणून दार उघडलं. अर्चना म्हणाली, "तुम्ही आत बसा, बाया बसल्या आहेत."

साहेबांच्या फायलीचं हळूच सांगितलं. ती म्हणाली, "ठेवा तिथं. कुसुमताईचं झालं की शारदाताईचं, मग तुमचं पाहू."

दार लावून बसलो आहे. कुसुमताईंचंच चाललंय अजून.