नजर लागू नये म्हणून

सोमवार, घनसावंगी

मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं ते मोफत अ‍ॅप मधेच बंद पडायचं. त्याचा कोड सगळ्यांना खुला, कुणीही दुरुस्त करून पाठवावा. कॉलेजातून आल्यावर रोज मी तेच करून राह्यले होते. आज पाठवलं. अ‍ॅप सांभाळणाऱ्यांचं उत्तर आलं, अगदी नम्र: "हे काम कालच दुसऱ्यानं पूर्ण केलं. हे काम मी घेतलंय, असं त्यानं आधीच इथं कळवलं होतं. तुम्ही का नाही कळवलं?"

काय सांगू त्यांना? काम होईस्तोवर बोलायचं न्हाई, नजर लागते, असं आई म्हणते. मी बिलकुल बोलले न्हाई. एक ओळ लिहायची होती फक्त. एकच ओळ.

आत्ता आई चहा घेऊन आली. हळूच म्हणाली, "झालं का गं? मी बी कुणाला बोलले न्हाई. आता सांगू का तुझ्या मामाला?"