'कनाशी'चा अर्थ

बाई,

तुमचं बरोबर होतं. हे कळायला मला अठरा वर्षं लागली, आणि तुम्हाला जाऊनच त्यातली अकरा झाली. जुन्या जपानी कवितांवरचं एक चांगलं पुस्तक अखेर मिळालं, मूळ ओळ आणि खाली एकेका शब्दाचा अर्थ देणारं. बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारून थकले. "जपानी? तीस दिवसांत बोलायला शिकवणारं आहे, तेवढं न्या," असं उत्तर यायचं. शेवटी बाहेरून मागवलं, आणि त्यात आधी 'कनाशी' शोधला. आज त्याचा अर्थ दुःखी. त्या काळी मात्र जिवापाड आवडणाऱ्या माणसालाही तोच शब्द लावत.

अठरा वर्षांपूर्वीचं तुमच्या स्वयंपाकघरातलं टेबल दिसतं. मी नुकतीच जपानीची वरची परीक्षा पास झालेय, हडपसरच्या कंपनीत यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत आणतेय. तुम्ही विश्वासाने तुमच्या भाषांतरांची वही माझ्यापुढे ठेवली आहे. झोपलेल्या लेकराकडे बघणाऱ्या आईच्या कवितेत तुम्ही लिहिलंय, 'जीव तुटावा इतकं लाडकं'. मी त्यावर लाल पेनाने काट मारते.

"बाई, कनाशी म्हणजे दुःखी. पहिल्या वर्षाचा शब्द आहे हा."

"अगं, ही बाई हजार वर्षांपूर्वी गेली. तिला तुझी परीक्षा द्यायची नव्हती."

मी हसले नाही. माझा आजच्या भाषेचा शब्दकोश उघडून तुमच्या पुढ्यात सरकवला. तुम्ही बराच वेळ वाचलंत आणि ओट्याकडे वळून म्हणालात, "मग माझंच चुकलं असेल." त्यानंतर त्या वहीत तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. कंपनीने मला जपानला पाठवलं तेव्हा एवढंच मागितलंत, "शब्दार्थ असलेलं एखादं चांगलं पुस्तक बघ. कोण चुकलं ते तरी कळेल." मी बिस्किटांचा डबा आणला. "पुस्तक नाही मिळालं," म्हणाले. तुम्ही झाकण उघडलंत. "असू दे. हे वाचायला सोपं आहे."

ती वही आता तुमच्या मुलीकडे आहे. हे पत्र निदान तिला द्यावं, असं दोनदा मनात आलं. देणार नाही, कारण मग उरलेलंही सांगावं लागेल. जपानमध्ये पुस्तकं होती, बाई. अख्खं कपाट होतं. मी एक काढून उघडलं तर एक ओळ लागेना. यातलं चांगलं कुठलं, हे दुकानातल्या बाईंना विचारायचं तर आधी 'मला हे वाचता येत नाही' म्हणावं लागलं असतं. तेवढं वाक्य मला जपानीत नीट येत होतं.