हजार वर्षं आधी की नंतर

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. मी आणि लेक जेनिस उत्तनला, माझ्या सासरी, जाऊन आलो. पास्कल आला नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, या दिवशी नवरा सोबत नाही असं पहिल्यांदाच. सकाळी म्हणाला, "मेलेल्यांसाठी प्रार्थना करून काही होत नाही, फिलो. वचनात, बायबलात, कुठे आहे दाखव."

सासऱ्यांच्या कबरीवर फुलं, मेणबत्त्या. आईंनी एक मेणबत्ती वेगळी काढली. इनासची, माझ्या दिराची. तीन वर्षांपूर्वी बोट उलटली, बाकीचे चौघे पोहत आले, हा सापडलाच नाही. कबर नाही, म्हणून त्याची मेणबत्ती बापाच्या पायाशी. "पास्कल का न्हाय आला?" कामावर आहे म्हटलं. रविवारी! सिमिट्रीत, कबरींमध्ये उभी राहून सासूशी खोटं बोलले.

५ नोव्हेंबर, बुधवार

स्वयंपाकघराच्या दारामागे नवा तक्ता लागलाय. पास्कलच्या फेलोशिपमधला, त्याच्या नव्या प्रार्थनामंडळाचा. रंगीत बाण. आधी ढग, त्यात रॅप्चर, म्हणजे विश्वासणारे जिवंतपणी वर उचलले जाणार. मग सात वर्षं महासंकट. मग प्रभू राजा होऊन याच पृथ्वीवर हजार वर्षं. सगळ्यात शेवटी न्याय आणि अग्नीचं सरोवर.

मी विचारलं, "यात आपण कुठे?"

ढगाच्या अगदी अलीकडे बोट ठेवलं. "इथे."

मला हसू आलं. त्याला नाही. स्टीलच्या कारखान्यातला एक जण दीड वर्षापूर्वी त्याला बेव्हर्ली पार्कला फेलोशिपच्या हॉलवर घेऊन गेला, जिमच्या वर. तेव्हापासून दारू बंद, शिव्या बंद. तक्रार कुठल्या तोंडाने करू? पण घरात सतत कोणीतरी बॅग भरून बसलंय असं वाटतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

अक्षर घाण येतंय.

दुपारी वरण गॅसवर ठेवून वरच्या मजल्यावर गेले, पाच मिनिटं, मिक्सरचं भांडं मागायला. मोबाइल ओट्यावर, दार नुसतं लोटलेलं. तेवढ्यात जेनिस क्लासवरून आली. वरण उतू जातंय, मोबाइल आहे, आई नाही. मी खाली आले तर पोरगी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढरा, कानाला माझा फोन. पलीकडून उत्तनच्या आईंचा आवाज, "हॅलो? कोण हाय? बोल ना गो!"

जवळ घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलं तू गेलीस. वर. मी राहिले."

"मग आजीला कशाला फोन?"

"आजी नक्की गेली असती. तिने उचलला म्हणजे अजून झालं नाही."

दहावीतली मुलगी. पंधरा वर्षांची. आणि हे पहिल्यांदा नाही म्हणे. शाळेतून आल्यावर घर शांत असलं की आधी माझा आवाज येतो का ऐकते. सहा महिने. मला पत्ता नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पास्कलला सांगितलं. वाटलं होतं हादरेल. हादरलाही, एक क्षण. मग म्हणाला, "भीती वाटते म्हणजे आत्मा काम करतोय. जागी राहील."

मी ओरडले. खूप. शेजारच्या गुजराती मावशींनी टीव्हीचा आवाज कमी केला, मला ऐकू आलं.

आणि वर हे: १४ डिसेंबरला जे.चा बाप्तिस्मा ठरवलाय. बुडवून. "लहानपणी डोक्यावर पाणी ओतलं तो बाप्तिस्मा नाही." तिच्या त्या दिवशीचे फोटो अजून कपाटात आहेत. इनासच्या मांडीवर आहे ती. तोच तिचा पादरीन, गॉडफादर. हे मी बोलले आणि पास्कलने कपाटाकडे पाठ फिरवली. का, कळलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शाळेच्या ऑफिसात, माझ्या कामावर, साळवे बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या नगरकडच्या, प्रोटेस्टंट, आजोबा मिशनच्या शाळेत हेडमास्तर. त्यांचं आणखी वेगळंच. "अगं, प्रभू एकदम येत नसतो. शाळा, दवाखाने, सुवार्ता... जग हळूहळू सुधारत जाणार, ती हजार वर्षं आपणच आणायची. मग तो येणार. आमचे आजोबा हेच सांगायचे."

"बाई, हे काशिमिऱ्याच्या सिग्नलला उभं राहून सांगा."

खूप हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आजोबांनी बत्तीस वर्षं पोरं शिकवली ती याच भरवशावर. खोटं असेल तरी पोरं शिकली."

घरी येताना डोक्यात तेच. एकच पुस्तक, एकच धडा, आणि प्रभू आधी येणार, नंतर येणार, आमच्या चर्चचं म्हणणं हजार वर्षं मोजायचीच नाहीत... रविवारी मी आठवीच्या मुलांना धर्मशिक्षण देते. त्यांनी विचारलं तर?

१६ नोव्हेंबर, रविवार

आमच्या चर्चचा रविवारचा मिस्सा बुडवून पास्कलच्या फेलोशिपच्या हॉलवर गेले. बघायलाच हवं होतं.

प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एसी, कीबोर्ड. गाणी अर्धी हिंदी, अर्धी मराठी. पास्टर तरुण, नम्र. दारात पाणी दिलं, "सिस्टर, बसा." राग घेऊन गेले होते, तो कुठे ठेवू कळेना. गाण्यात मलाच रडू आलं. हे कोणाला सांगणार नाही.

उपदेश: पुनरुत्थानं दोन. पहिलं हजार वर्षांच्या आधी, तारण झालेल्यांचं, म्हणजे विश्वासाने वाचलेल्यांचं. उरलेले मेलेले हजार वर्षांनंतर उठणार, न्यायासाठी. पास्कल वहीत भराभर लिहून घेत होता. मी वाकून पाहिलं. पानाच्या कडेला, दोनदा अधोरेखित:

इनास – आधी की नंतर?

१७ नोव्हेंबर, सोमवार

तो कामावर गेल्यावर त्याचं बायबल काढलं. प्रकटीकरण, विसावा अध्याय. समुद्र आपल्यातले मेलेले परत देतो, ती ओळ. पिवळी, मग हिरवी, मग पेनाने. कागद फाटायला आलाय.

दीड वर्ष मला वाटत होतं की याला जग संपायला हवंय. याला भाऊ हवाय.

आणि ती ओळ हजार वर्षांच्या नंतरच्या भागात आहे. न्यायाच्या. सरोवराच्या एक-दोन ओळी आधी. हे त्याला माझ्याआधी दिसलं असणारच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी फादरांना भेटले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, चर्च ते हजार शब्दशः वर्षं म्हणून मोजत नाही. तो काळ आताच चाललाय, ख्रिस्त उठल्यापासून. तो एकदाच येणार, सगळे एकदमच उठणार. आधीचे-नंतरचे असे दोन गट नाहीत.

"मग इनास? दोन वर्षं चर्चमध्ये आला नव्हता. प्यायचा."

"म्हणून तर त्याच्यासाठी मिस्सा सांगतो ना आपण."

"पण नक्की, फादर?"

टेबलावरची जपमाळ उचलून ठेवली. मग, "फिलोमिना, तो येणार हे मला नक्की माहीत आहे. बाकीचं मी शिकलोय आणि शिकवतो."

प्रामाणिक माणूस. पण आज मला थोडं कमी प्रामाणिक चाललं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पास्कलला म्हटलं, वही पाहिली मी. चिडेल वाटलं होतं. खुर्चीत बसला, नि बोलला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

बोट उलटली त्याच्या आदल्या रविवारी दोघे भांडले होते. आईसमोर. इनास पिऊन आला होता. पास्कल म्हणाला होता, "तू नरकात जाशील एक दिवस." आपण म्हणतो तसं, रागात. शेवटचं बोलणं ते.

"पास्टर म्हणतात शेवटच्या क्षणी नाव घेतलं तरी पुरतं. पाण्यात असताना. एक श्वास मिळाला असेल ना गं त्याला?"

मिळाला असेल, म्हटलं. मला काय माहीत. पण म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

आगमनकाळाचा, नाताळच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. शुभवर्तमानातला उतारा नेमका तोच: शेतातल्या दोघांपैकी एकाला नेलं, एकाला तिथेच ठेवलं. जे.ने माझा हात घट्ट धरला. फादर म्हणाले, आधीचं वाक्य वाचा. नोहाच्या दिवसांत नेलं कोणाला? पुराने बुडणाऱ्यांना नेलं. राहिला तो नोहा, वाचलेला. तेव्हा नेलं जाणं म्हणजे बरंच, असं धरून चालू नका. राहिलेला अभागीच असतो असंही नाही.

जे.ची बोटं सैल पडली. "मम्मी, म्हणजे मागे राहिले तरी चालतं?" बाहेर येऊन खिदळली, वडा मागितला. किती महिन्यांनी.

तेच मी जेवताना पास्कलला सांगितलं. आनंदात. अक्कल कुठे गेली होती माझी.

त्याने घास खाली ठेवला. "म्हणजे ज्यांना पाण्याने नेलं ते वाईट."

मी म्हटलं, तसं नाही रे, ते नोहाचं—

उठला, हात धुतला, गेला. ताट तसंच.

एकाच वाक्याने मुलगी सुटली आणि बाप अडकला. मी मधे बसून भात वाढत होते.

३ डिसेंबर, बुधवार

पास्कल रविवारपासून घरी नाही, दोन दिवस कारखान्यातही नाही. फोन बंद. दुपारी आईंचा फोन. "तो हितं हाय. बोंबील वाळत घालतोय माझ्यासंगं. तू जिवाला घोर लावू नको."

जे. विचारते, डॅडी माझ्यावर रागावलाय का. नाही गं. मग कोणावर?

७ डिसेंबर, रविवार

पास्कल काल परतला. आज सभेनंतर पास्टर स्वतः घरी आले, १४ तारखेचं बोलायला. चहा ठेवला. पास्कलने सरळ विचारलं, "माझा भाऊ आधी उठेल की नंतर?"

पास्टर गोड बोलून वेळ मारून नेतील असं मला वाटलं. नाही. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. "ब्रदर, त्याचं मन प्रभूलाच ठाऊक. पण तारण झालं नसेल तर पहिल्या पुनरुत्थानात नाही. वचनाच्या पलीकडे मी नाही जाऊ शकत."

पास्कल शांतपणे म्हणाला, "मग माझं नाव दुसऱ्या खेपेत टाका."

"असं बोलू नये, ब्रदर."

"तो एकटा उठेल तिथे. ओळखीचं कोणी नसेल. मी त्याच्याबरोबर येतो."

चहावर साय धरली. कोणी प्याला नाही.

हे पाप होतं का? धर्मशिक्षण देणारी बाई मी, मला कळायला हवं. मला फक्त एवढं कळलं की या माणसाशी लग्न केलं ते बरं केलं.

१४ डिसेंबर, रविवार

बाप्तिस्म्याची बस सकाळी निघून गेली. जे. गेली नाही. काल रात्री जेवताना तिने सांगूनच टाकलं होतं, "मला अजून माहीत नाही. कळलं की मी सांगेन. कोणीच घाई करू नका." कोणीच, म्हणजे मीसुद्धा. आज माझ्याबरोबर मिस्सालाही आली नाही, घरी भूमिती करत बसली.

तिच्या खोलीचं दार बंद होतं, पास्कलने त्यावर टकटक केली आणि उगाच हाक मारली, "आहे हां मी घरात." आतून "हो" आला. अर्ध्या तासाने परत.

२१ डिसेंबर, रविवार

उत्तनला, तिघेही. नाताळचा फराळ करायला. आई पिठात हात घालून बसलेल्या. पास्कल शेजारी पाटावर. एकदम विचारलं त्याने, आईलाच. हजार वर्षं, पहिले उठणार, नंतरचे उठणार, सगळं समजावून सांगितलं. मी घाबरले, म्हातारीला कशाला हे.

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "आपला इनास? तो कंदी आपला आपण उठलाय? बोटीवर जायच्या दिवशी पन मीच तीन-तीन हाका मारायची. माला आदी उठवायला सांग देवाला. मी बघते त्याचं."

पास्कल हसला. मग हसू थांबेना, मग ते हसू राहिलं नाही. आईंनी पिठाच्याच हाताने त्याचं डोकं धरलं. केस पांढरे झाले सगळे.

जे. दारात उभी राहून बघत होती.

२८ डिसेंबर, रविवार

नाताळात पास्कल ना आमच्या मिस्साला आला, ना त्यांच्या सभेला. घरीच होता. आज सहालाच उठलाय, आंघोळ झाली. मघाशी विचारलं, "तुमचा मिस्सा किती वाजता?" तुमचा म्हणाला. साडेआठ, मी म्हटलं.

"तिकडे साडेनऊला असतं," तो म्हणाला. मला नव्हे, इस्त्रीखालच्या शर्टाला.

जे. डोळ्यांनी विचारतेय, मी मान हलवतेय, माहीत नाही. आम्ही दोघी तयार होऊन बसलोय, म्हणून ही वही काढली.

आठ वाजून दहा मिनिटं. अजून इस्त्रीच चाललीय. तीच बाही, तिसऱ्यांदा.