खिलाडूवृत्तीचा चषक

रविवार, १७ नोव्हेंबर
दुपारचे चार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. औषधं वेळेवर घेतो. आधीच सांगून टाकतो, कारण फोनवर तू तेवढंच विचारतेस आणि मीही तेवढंच सांगून फोन ठेवतो. पत्र बघून घाबरू नकोस. मला मैदानावर ओरडता येतं, फोनवर बोलता येत नाही, एवढंच.

आज बारा वर्षांपर्यंतच्या मुलींचा अंतिम सामना होता. माझी तयारी तुला पाठ आहे. पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पंधरा बाटल्या भरल्या, अंगठ्यानं दाबून चेंडूंची हवा बघितली, जादा लेस, पट्ट्या, बर्फाची पिशवी घेतली. तुझी आई गेल्यापासून त्या टेबलावर गर्दी होते ती सामन्याच्या दिवशीच. एरवी माझा एकटा कप असतो. तासभर आधी जाऊन मैदानातले खडे वेचले. पालकांना दोरीमागे उभं करून बजावलं, "टाळ्या वाजवा, सूचना देऊ नका." एक आजोबा म्हणाले, "मग आम्ही आलोय कशाला?" त्यांना खुर्ची दिली.

पाच मिनिटं उरली होती आणि बरोबरी होती. आमच्या शेंडीनं गोल मारला. शेंडी म्हणजे संघातली सगळ्यात बुटकी, डोक्यावर केसांचं कारंजं. बाकीच्या पोरी नाचायला लागल्या आणि ही सरळ रेफरींकडे गेली. "सर, बॉल माझ्या हाताला लागला होता." गोल रद्द. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला आणि आम्ही हरलो.

ती रडत माझ्याकडे आली. "सर, चिडलात?"

"नाही गं. बरोबर केलंस."

मी तिची पाठ थोपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर आयोजकांनी खिलाडूवृत्तीचा चषक दिला, तोही मला! पोरगी खरं बोलली आणि शाबासकी कोचला. फोटोत मी हसतोय. घरी आल्यापासून चषक पिशवीतच आहे. बाहेर काढायचा धीर होत नाही.

माझा रोख कुठं आहे ते तुला एव्हाना कळलंच असेल.

तूही बाराचीच होतीस. तूही अशीच रेफरींकडे गेलीस, आणि तेव्हाही आपण हरलो. सामना संपला की आपल्या संघाची रीत काय, आधी समोरच्या संघाशी हात मिळवायचा आणि सगळ्यात शेवटी आपल्या कोचशी. मी तेरा जणींशी हात मिळवला. शेवटी तू होतीस. तू हात पुढे केलास आणि मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. लेस सुटली नव्हती गं.

घरी आल्यावर म्हणालो, "लागलाच नव्हता हाताला. उगाच शहाणपणा केलास, भास झाला तुला." आई म्हणाली, "अहो, पोर जेवली नाहीये." मी टीव्हीचा आवाज वाढवला. पुढच्या रविवारी तू मैदानावर आली नाहीस, नंतर कधीच आली नाहीस. अभ्यास वाढलाय, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

कॉलेजात असताना एकदा तू विचारलंस, "बाबा, खरंच नव्हता लागला?" भाजी चिरत होतीस, मान वर न करता विचारलंस. मी म्हणालो, "नव्हता." त्यानंतर तू मला काहीच विचारलं नाहीस, औषधं सोडून.

भिंगरी, मी रेषेवर उभा होतो, तुझ्यापासून चार पावलांवर. चेंडू हाताला लागला होता. मला स्वच्छ दिसलं होतं. रेफरींनी बघितलं नाही म्हणून मला हायसं वाटलं होतं. आणि तू त्यांच्याकडे चालायला लागलीस तेव्हा मी मनातल्या मनात तुला थांब म्हणत होतो.

तेरा वर्षं मी तुला तुझ्याच हाताबद्दल खोटं सांगितलं. आता माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण नाही चालणार. घर फार शांत असतं, आणि तू माझ्याशी चार वाक्यांत बोलतेस त्याचं कारण मला पहिल्यापासून माहीत आहे.

बारा वर्षांच्या मुलीपेक्षा लहान निघालेला,
तुझा
बाबा