कड्यावर कोरलेली तारीख

क्लेटन,

‘पुढच्या उन्हाळ्यात नक्की’ म्हणत तू टाळत आलेली ऑरेगनची जुनी वाट घटस्फोटानंतर मी एकटीच गाडीने पार करतेय.

काल वायोमिंगमधल्या त्या कड्यापाशी थांबले. दीडशे वर्षांपूर्वी याच वाटेने बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या लोकांनी तिथे आपली नावं कोरून ठेवलीत. त्यातल्याच एका जुन्या नावावर तुझं नाव खरवडलेलं दिसलं. शेजारी रोवेनाचं. खाली तारीख, ९ जून १९८७.

त्या दिवशी आपली डेलिया जन्मली. ‘ओमाहात कामात अडकलोय’ असा तुझा फोन आला होता. आणि माझी जिवाभावाची मैत्रीण रोवेना दोन दिवसांनी माझ्यासाठी सूप घेऊन आली होती.

मी तिथेच गवतात बसले. तिथला रखवालदार धावत आला. “बाई, बरं वाटत नाहीये का?”

“आत्ताच वाटायला लागलंय,” मी म्हटलं आणि ती नावं दाखवली.

“ओळखता यांना?”

“चांगलंच. त्यातले हे महाशय या जुन्या वाटेच्या संरक्षण मंडळाचे अध्यक्ष आहेत. दगडांवर नावं कोरणाऱ्यांना तुरुंगात टाका, असं दर वर्षी भाषण ठोकतात.”

तो हसू दाबत म्हणाला, “इतक्या वर्षांनी दंड नाही व्हायचा हो.”

“दंड नकोय. फोटो काढून द्या. तारीख नीट दिसू दे.”

तो फोटो मी तुमच्या मंडळाच्या सेक्रेटरीला पाठवलाय. शनिवारच्या सभेत तुझ्या भाषणामागे मोठ्या पडद्यावर लावणार आहे ती. तिलाही तुझा कंटाळा आलाय म्हणे.

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुला बेसावध उभं राहिलेलं मला बघायचंय. पहिल्या रांगेत, डेलियाच्या शेजारी बसेन.

ल्युसिल