रायाजीची शपथ

अल रीम आयलंड, अबू धाबी
२ फेब्रुवारी २०२५

ती. उर्मिलाताईस,
शि. सा. न.

तू मोडी वाचून घेऊन पाठवलेला कागद मिळाला. अठराव्या शतकात आपला पूर्वज रायाजी आणि सटवाजी हे दोन सरदार छावणीत भांडले. लढाईत मोर्चा सोडून कोण पळालं, हा वाद. पंचांनी बेलभंडार उचलायला सांगितला. रायाजीने उचलला, शपथ घेतली आणि जिंकला. सटवाजीचं पागोटं उतरवून त्याला हाकलून दिलं.

वाचल्यापासून भर दुपारी आमच्या चोविसाव्या मजल्याच्या गॅलरीत एक बोडका माणूस उभा दिसतो. हसू नकोस. मला भीती वाटते.

साइटवर स्लॅब कोसळला. कुणाला लागलं नाही, पण तपासणी न करताच कागदावर सही मी केली होती. सही कुणाची ते ओळखू येत नाही, म्हणून ऑफिस झुबेरला धरतंय. रत्नागिरीचा हा माझा बारा वर्षांपासूनचा मित्र. तेरा तारखेला दोघांनी लेखी जबाब द्यायचाय. खोटा ठरेल त्याची नोकरी खलास, व्हिसाही. फोन करू नकोस, दिया ऐकते. पोरीला काय सांगू?

तुझ्या मायेच्या भरवशावर,
उपेंद्र

सातारा
७ फेब्रुवारी २०२५

चि. उपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

पालीला घाबरून माझ्या पाठीशी लपायचास, तेव्हा हसणार नाही असं कसं म्हणू? पण दुसरा कागद वाचून घेतला आणि माझंही हसू गेलं. म्हातारपणी रायाजीने लिहून ठेवलंय की पळालो मीच. जेवायला बसलं की सटवाजी समोर येऊन बसतो, घास उतरत नाही.

बाळा, खरं सांगून टाक. नोकरी गेली तर इकडे ये. दियाची शाळा इथेही होईल. दोन खोल्या झाडून ठेवल्यात.

पत्राची वाट पाहणारी,
ताई

अबू धाबी
८ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र बाराला मिळालं. चारदा वाचलं. तेराला मी झुबेरचं नाव लिहिलं.

जबाब बंद पाकिटात दिले होते, त्याला काही कळलं नाही. काल त्याला विमानतळावर सोडलं. रोजा होता, ओठ सुकले होते. मला मिठी मारून म्हणाला की उपेंद्र, तू माझ्यासाठी किती भांडला असशील ते मला ठाऊक आहे. मी मान डोलावली.

लोभ असावा, असं या वेळी लिहवत नाही.

उपेंद्र